वेणीचं टोक

आमच्या दोरीच्या मल्लखांबाच्या वर्गात एखादी मुलगी वरच्या गटात गेली की तिचे केस वर बांधतात. कागद नाही, शिक्का नाही. दसऱ्याच्या सकाळी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोरीची पूजा होते, झेंडूची माळ चढते, आणि सर एका मुलीचं नाव घेऊन फणी मोठ्या मुलींच्या हातात देतात. मोठ्या मुली तिला मध्ये बसवतात, तिची वेणी सोडतात, केस घट्ट ओढून डोक्यावर अंबाडा बांधतात आणि वरून जाळी लावतात. त्या दिवसापासून ती मोठी.

मी रोह्याजवळ वरशाला राहते. बाबा केमिकल कंपनीत कंत्राटावर आहेत, शिफ्टमध्ये. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी पेणच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना मीही दोरीचा मल्लखांब करायचे, जिल्ह्यापर्यंत जाऊन थांबले. बारावीनंतर सर म्हणाले, संध्याकाळी येत जा, लहान मुलींना बघ. म्हणून मी पेणहून परतले की स्टेशनावरून थेट शेडमध्ये जाते.

जिच्याबद्दल सांगतेय ती मुलगी आमच्याच आळीतली. सहा वर्षांची असताना माझा हात धरून वर्गात आली आणि आता अकरा पूर्ण झाली होती. दोरीला हात घालण्याआधी ती दर वेळी मान वळवून विचारायची, "ताई, बघतेस ना?" मी "बघतेय" म्हटल्याशिवाय वर जायची नाही. इतर मुली तिला चिडवायच्या. "ताईने डोळे मिटले तर तू दोरीवरच झोपशील काय गो?" ती हसायची आणि तरीही विचारायची.

त्या पावसाळ्यात मोठ्या गटातल्या एका मुलीचं कुटुंब पनवेलला राहायला गेलं. संघात सहा जणी लागतात. पाच उरल्या. सहावी नसेल तर संघ म्हणून उतरताच येत नाही, आणि दिवाळीनंतर पेणला जिल्ह्याची स्पर्धा होती. त्या पाच जणींतल्या दोघींचं दहावीचं वर्ष होतं, त्यांना पुढच्या वर्षी घरातून कोणी सोडणार नव्हतं. सगळ्यांच्या नजरा आपोआप लहान गटाकडे वळल्या, आणि लहान गटात बघण्यासारखी ती एकच होती.

वरच्या गटात जायचं म्हणजे एक गोष्ट यायलाच हवी. दोरीच्या वरच्या टोकाशी जाऊन मांडीला आणि पावलाला दोरीचे वेढे घ्यायचे, उलटं व्हायचं आणि दोन्ही हात सोडायचे. वेढे एकामागून एक सुटत जातात, मुलगी डोकं खाली करून गादीकडे येते, आणि शेवटचा वेढा पायाने आवळला की थांबते. तो क्षण तिचा तिनेच पकडायचा. खाली उभं राहून कोणाला काही करता येत नाही. आम्ही याला नुसतं 'सोडणं' म्हणतो.

सरांनी तिला जूनमध्येच सोडणं शिकवायला घेतलं. ती पहिल्याच आठवड्यात शिकली. दोरीवर लाल दोऱ्याची एक खूण बांधलेली असायची, तिथपर्यंत चढायचं आणि सुटायचं. मी गादीपाशी गुडघे टेकून बसायचे. ती सर्रकन खाली यायची, थांबायची, आणि तिची वेणी डोक्याखाली लोंबत राहायची. वेणीच्या टोकाला रिबीन. रिबीन आणि गादीच्या मध्ये माझी वीत सहज मावेल एवढी जागा असायची.

जुलैत मावेनाशी झाली.

हे मी तेव्हा असं शब्दांत म्हटलं नव्हतं. मला फक्त काहीतरी बरोबर नाही असं वाटायला लागलं होतं. त्याच सुमाराला तिच्या चपला बदलल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या चपलांतून तिच्या टाचा बाहेर आल्या होत्या. हात लांब दिसायला लागले होते, चालताना ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं. सरांच्याही काहीतरी लक्षात आलं असावं. एकदा ते म्हणाले, "पोरगी उंच झाली, खूण वर बांध." मी खूण वर बांधली. काही दिवस बरं वाटलं. मग रिबीन गादीला टेकू लागली. सर म्हणाले, पावसाळी हवेने दोरी ताणली असेल, आणखी वर बांध. मी बांधली. गणपती झाले, आणि वेणीचं टोक गादीवर आडवं पडायला लागलं.

ती मात्र उठून हसायची. "जमलं ना, ताई?"

जमलेलंच असायचं. चूक अशी कुठेच नव्हती. म्हणूनच मी रात्री ताटातला भात चिवडत बसायचे आणि आई विचारायची, "काय गो, कालेजात काय झालं काय?"

सरांनी मला दसऱ्याच्या आधी विचारलं. सगळ्या मुली गेल्या होत्या, मी गाद्या भिंतीला लावत होते.

"काय वाटतं तुला? घेऊ या ना वर?"

"सर, अजून थोडं थांबू या का?"

"का?"

मी हातातली गादी भिंतीला टेकवली.

"चुकते का ती?"

"नाही सर."

"घाबरते?"

"तसं दिसत नाही."

"मग? कारण सांग. नुसतं तुला वाटतं म्हणून पाच पोरींना घरी बसवू मी?"

सर चिडले नव्हते. ते खरंच विचारत होते. एवढी वर्षं त्यांनी एकट्याने वर्ग चालवला, कोणाच्याही सांगण्यावरून एकाही मुलीला पुढे ढकललं नाही. पण माझं असं होतं, की कोणी 'कारण सांग' म्हटलं की माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. कॉलेजात तोंडी परीक्षेला तेच होतं. प्रयोग नीट झालेला असतो, समोर काय घडलं ते मी बघितलेलं असतं, आणि त्यावरून काय ठरतं असं विचारलं की मी टेबलाकडे बघत राहते. घरात असं विचारणारं कधी कोणी नव्हतं. त्या दिवशीही मी गादीकडे बघत राहिले.

"बघ, विचार कर," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याला जाणाऱ्या गाडीत तिची आई माझ्या शेजारी बसली. काकू पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जातात. वर्षभर काम असतं तिथे, पुढच्या वर्षाच्या मूर्ती दिवाळीआधीच सुरू होतात. नागोठणं गेल्यावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "सर बोलले मला. तू थांबू या म्हणालीस."

"काकू, मला नुसतं वाटलं..."

"ऐक. आमच्याकडं नवीन बाई आली की तिला घासकाम देतात. मग पांढरा रंग, मग अंगाचा रंग, मग दागिने. शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारीला मान. मला एकदा मालकानं बोलवलं होतं आखणीला. माझा हात तेव्हा थरथरला, मी म्हटलं, पुढच्या साली बघू. परत बोलवलं नाय. अजून दागिनेच रंगवते मी."

"हे तसं नाही, काकू."

"तसंच हाय. वर बोलवलं की जायचं. एकदा नको म्हटलं की जागा दुसरीची व्हते."

त्यांच्या नखांत सोनेरी रंग होता. तो कधी पूर्ण निघत नाही. खिडकीबाहेर कासूच्या पुढे भातखाचरं पिवळी पडायला लागली होती.

दसऱ्याला फणी मोठ्या मुलींच्या हातात गेली. ती मध्ये बसली, ओठ घट्ट मिटून. तिची वेणी सुटली तेव्हा मला उगाच पुढे होऊन थांबवावंसं वाटलं. कशासाठी, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. केस ओढून बांधताना तिचे डोळे ताणले गेले आणि चेहरा एकदम वेगळाच दिसायला लागला, कोणा मोठ्या बाईचा. काकूंनी अंबाड्याला गजरा माळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर तिने मला "बघतेस ना?" असं विचारणं बंद केलं. मोठ्या मुली असं विचारत नाहीत.

पुढचे दिवस विचित्र गेले. ती सोडणं करायची, थांबायची, मोठ्या मुली "भारी" म्हणायच्या, सर मान हलवायचे. मीही बघत होते, पण मला काही दिसेनासं झालं होतं. आधी जी अस्वस्थता एका जागी होती ती आता सगळीकडे पसरली. दोरीचा आवाज मला वेगळा वाटायचा. दोरी अडकवलेला वरचा आकडा करकरला की मी दचकायचे. एकदा मी स्टूल घेऊन चढले आणि तो आकडा, त्याचा नट, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. गाद्या उलटून बघितल्या. त्या जुन्या होत्या, बसलेल्या होत्या, पण तशा त्या कायमच्याच. मुली म्हणाल्या, "ताईला भूत दिसतं दोरीवर." ती त्यांच्यासोबत हसली, आणि हसता हसता तिने तळवे फ्रॉकला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही सगळे दिवा गाडीने पेणला गेलो. काकूंनी कारखान्यातून सुट्टी घेतली होती. हॉल मोठा होता, दोऱ्या उंच. आमच्या शेडमध्ये वर लाल खूण असायची, इथे खूण चालत नाही. कुठून सुटायचं ते अंगाने ओळखायचं.

सरावाची वेळ चालू होती. आमच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातली लहान मुलगी दोरीवर चढली. आठ-नऊ वर्षांची, पाठीवर वेणी. ती वर गेली, उलटी झाली, थोडंसंच सुटली आणि थांबली. तिची वेणी खाली लोंबून हलत राहिली, आणि वेणीच्या टोकाखाली गादीपर्यंत भरपूर रिकामी जागा होती.

मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तीन महिने मी तेच तर बघत होते. वेणी आणि गादी यांच्यातलं अंतर. ते कमी कमी होत होतं, खूण दोनदा वर नेऊनही कमी होत होतं, म्हणजे दोरीचा दोष नव्हता, नुसत्या उंचीचाही नव्हता. ती वेढा उशिरा आवळत होती. रोज थोडा आणखी उशिरा. तिचे पाय लांब झाले होते, वजन वाढलं होतं, आणि आवळायचा क्षण मात्र ती जुन्याच अंगाच्या अंदाजाने पकडत होती. आणि नेमकं आम्ही तिचे केस वर बांधले, आणि हे सांगणारी एकच गोष्ट डोळ्यांआड केली.

मी सरांकडे गेले. पहिल्यांदा माझ्याकडे कारण होतं, पण ते सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं.

"सर, तिचे केस सोडू द्या. एकदाच. मी खाली हात धरून बसते."

"आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एकदाच, सर. मग तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. सर बाजूला झाले. मी तिची जाळी काढली, पिना काढल्या, घाईने सैलसर वेणी घातली. तिचे कान गार पडले होते.

ती चढली. मी दोन्ही तळवे गादीवर पालथे ठेवून बसले. ती सुटली. वेणीचं टोक गादीला लागलं, मग अर्धी वेणी पडली, मग गादीवर तिचं वेटोळं झालं, आणि तिचं डोकं माझ्या तळव्यांच्या पाठीवर येऊन टेकलं. हळूच. जसं झोपलेलं मूल मान टाकतं तसं. तिने उलट्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि सवयीने हसली.

सरांनी बघितलं.

"शेडमध्ये असं नव्हतं," ते म्हणाले.

"होतं, सर. दिसत नव्हतं."

मोठ्या पाच जणी भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, तरी कळलं होतं. दहावीतल्या एकीने पायाला बांधलेल्या पट्ट्या सोडायला सुरुवात केली.

"पाच पोरींचं काय?" सर म्हणाले. ते मला विचारत नव्हते. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "नोंदणीच्या टेबलावर तू जाऊन सांग. माझ्यानं सांगवणार नाही."

मी गेले. आमचा संघ उतरणार नाही, एवढंच म्हटलं. टेबलामागच्या बाईंनी आमच्या नावावर रेघ मारली आणि पुढच्या वर्गाला हाक दिली. याला एवढा कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

काकू दारातच भेटल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू जिल्ह्यावरच राहिलीस ना गो? म्हणून हिचंही तिथंच अडकवलंस."

"काकू, तिचं डोकं टेकलं खाली. तुम्ही बघितलं असतं तर..."

"पडली काय ती?"

"नाही."

"लागलं काय तिला?"

"नाही, पण..."

"मग काय झालं ते सांग ना मला. कालेजात शिकतेस. सांग."

काहीच झालं नव्हतं, हे खरं होतं. तिच्या डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. परतीच्या गाडीत मोठ्या मुली दुसऱ्या डब्यात बसल्या. ती काकूंच्या शेजारी खिडकीला होती, केस तसेच, सैल वेणीत. निडी स्टेशन गेल्यावर काकूंना डुलकी लागली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मला वाटायचं गादी वर येतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बघत होतीस ना."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली नाही. त्यानंतरही नाही. दहावीच्या दोघी आल्या, पण लवकर जायला लागल्या. आता वर्गात कोणाचेच केस वर बांधत नाहीत. फणी पूजेच्या सामानाच्या डब्यात तशीच पडून आहे.

आळीत काकू समोरून आल्या की मान वळवतात. मला वाटलं, असू दे, पोरगी घरी आहे, जमिनीवर आहे. मग एकदा आईने तिच्या मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. काकूंनी स्टेटसला ठेवलेला. तो हॉल पेणचा होता, तिथे दुसरा एक वर्ग चालतो. आईला माहीत होतं, काकू कामाला जाताना तिला सोबत नेतात, वर्गाच्या वेळेपर्यंत कारखान्यातल्या ओळखीच्या बाईच्या घरी ठेवतात, शाळा बुडते कधी कधी. व्हिडिओत ती दोरीच्या टोकाशी होती, केस वर बांधलेले, जाळी नवी, चकाकणारी. ती उलटी झाली, हात सोडले, खाली यायला लागली. तिथेच व्हिडिओ संपत होता.

मी तो पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी तो त्याच जागी संपला.

आई म्हणाली, "छान करते ना?"

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी गाडीला गेले नाही. हॉलपर्यंत चालत गेले. दारात चपलांचा ढीग होता, त्यात तिच्या होत्या, आळीत दिसलेल्या. पुन्हा नव्या. मी उंबऱ्याशी थांबले. मी कोण? दुसऱ्याच्या वर्गात जाऊन काय सांगणार? तिथल्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, कडक वाटत होत्या. शेवटी मी चपला काढल्या आणि भिंतीला लागून त्यांच्यापर्यंत गेले.

"बाई, मी रोह्याहून आले. ती मुलगी आधी आमच्याकडे होती. ती वेढा उशिरा आवळते. तिचे केस मोकळे सोडून बघा एकदा, वेणीवरून कळतं." मी हे सगळं एका दमात म्हटलं. सकाळी गाडीत मनात घोकलं होतं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोच?"

"नाही. मी कॉलेजला आहे."

"सगळ्यांचं वाढीच्या वयात थोडं मागेपुढे होतं," त्या म्हणाल्या. "करून करूनच बसतं ते." आणि त्या दोरीकडे वळल्या. "चला, पुढची कोण?"

पुढची तीच होती.

तिने मला बघितलं. हसली नाही. दोरीपाशी जाऊन उभी राहिली, मग दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि एक एक पिन काढली. जाळी काढून गादीच्या कडेला ठेवली. बाई काहीतरी म्हणाल्या, ते तिने ऐकलं नाही. अंबाड्यात गुंडाळलेली वेणी रिबिनीसकट पाठीवर पडली. आता ती कमरेपर्यंत आली होती.

"ताई," ती म्हणाली, "बघतेस ना?"

"बघतेय."

ती चढली. मी भिंत सोडून गादीपाशी जाऊन बसले, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी. ती वर छताजवळ उलटी झाली, हात सोडले. वेढे सुटत आले. मी फक्त रिबिनीकडे बघत होते. रिबीन खाली आली, आणखी खाली, गादीला लागली, आणि वेणी दुमडायला सुरुवात झाली तेवढ्यात तिचा पाय आवळला आणि ती थांबली. तिच्या डोक्यात आणि गादीत चार बोटं असतील. कदाचित तीन.

मी वर बघितलं. बाईसुद्धा आता खाली वाकून त्याच जागेकडे बघत होत्या. मला वाटलं, दिसलं त्यांना.

मग त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "छान. पुन्हा."

तिने दोरी धरली. रोह्याची गाडी तेव्हा पेणहून सुटत होती, तिचा भोंगा हॉलपर्यंत ऐकू आला. मी गादीवर हात पालथे ठेवले आणि बसून राहिले.